माळावरचा वळसा

भाद्रपद लागला की माझ्या पायांचा भरवसा राहत नाही. परवा संध्याकाळी मी आणि माझा खोलीतला सोबती वसतिगृहामागच्या मोकळ्या रानातून विहिरीकडे चाललो होतो. दोन दिवस पावसाची उघडीप होती. गवत पोटरीला लागत होतं आणि त्याला तुरे आले होते. सोबती कुंडलचा, उसाच्या रानातला, तोंडाने मोकळा. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "गड्या, सरळ चाल की. मघाधरनं बघतोय, कुणाला वाट दिल्यासारखा सरकतोयास. काय हाय तिथं?"

तिथे काही नव्हतं. थोडी मुरमाड उघडी जागा होती आणि तिच्या कडेने गवत. "पाय घसरला," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही, पण बादली त्याच्या हातात होती आणि अंधार पडायच्या आत पाणी आणायचं होतं. खोलीवर आल्यावर मी धोतराच्या काठाला रुतलेली कुसळं एकेक करून काढत बसलो. चार दिवसांपूर्वीच सुट्टी संपवून गावाहून आलोय. काही कुसळं तिकडचीही असतील. सांगलीचं कुसळ कुठलं आणि आमच्या माळाचं कुठलं, हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही सारखीच टोचतात.

या दिवसांत मला दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवतो. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच, आणि जे लिहू नये असं घरी मानतात, त्याच्याविषयीच लिहायला बसलो आहे. गावाचं नाव तेवढं लिहीत नाही.

विट्याच्या पलीकडे, आटपाडीच्या अंगाला आमचा माळ. इथल्या मुलांना गाव म्हटलं की नदी दिसते, मळी दिसते. आमच्याकडे बघायला गेलं तर आभाळच जास्त. जमीन कमी असते असं नाही, पण तिच्यावर नजर अडवणारं काही नसतं. आम्ही मेंढरं राखतो. दिवाळी झाली की आप्पा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन घाटाखाली उतरतात आणि मिरगाच्या आधी परततात. पावसाळा मात्र सगळा माळावर. श्रावण सरता सरता गवताचा हिरवा रंग उतरून तांबूस होतो. वाऱ्याने ते एका अंगाला झुकलं की सगळा माळ कूस बदलल्यासारखा दिसतो. भिजलेल्या लोकरीचा वास घरात, भाकरीत, माझ्या वह्यांतसुद्धा असायचा. शाळेत मास्तर वही हातात घेऊन आधी नाक मुरडायचे आणि मग तपासायचे.

आणि या दिवसांत तो आवाज येतो. सकाळी ऊन यायच्या आधी लांबून कुणीतरी मोठ्या घागरीत तोंड घालून हुंकार द्यावा तसा. कुठून आला ते कळत नाही. छातीला आधी लागतो, कानाला मागून ऐकू येतो. पुस्तकात त्या पक्ष्याला माळढोक म्हणतात. आमच्याकडे हूम. नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, पण तो दिसायला मिरवणारा आहे, त्याची काळजी कुणी करत नाही. काळजी मादीची. ती वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, मुरमात पायाने जरा खोलगट केलं तर केलं. मातीच्याच रंगाचं अंडं. मेंढराचा खूर पडला की संपलं.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. तिला नाव नाही, ती कुणी शिकवतही नाही. ज्याला अंडं दिसतं, तो बोलत नाही. घरीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आपला कळप त्या जागेला चाळीसएक पावलं सोडून वळवतो. मागून येणारा राखण्या माग बघतो, आपलाही कळप तिथूनच वळवतो आणि विचारत नाही. आठ दिवसांत सगळ्या माळाला ठाऊक झालेलं असतं आणि एक शब्द कुणी उच्चारलेला नसतो. वळताना थांबायचं नाही, चाल बदलायची नाही, आणि मुख्य म्हणजे तिकडे बघायचं नाही.

लहानपणी मी आप्पांना विचारलं होतं, "न्हाई बघितलं तर कळंल कसं, हाय का न्हाई?"

आप्पा म्हणाले, "आपल्याला कळाय नगंच रं. माणूस बघाय लागला की कावळा माणसाकडं बघतो. मंग माणूस जातो घरला आणि कावळा जातो तिथं."

एवढंच. मी पुढे कधी विचारलं नाही. पाच-सात पावसाळ्यांत माझे पाय आपोआप वळायला लागले. वाचायला शिकल्यावर पाटी न वाचता पुढे जाता येत नाही, तसं काहीसं.

बेचाळीस सालानंतरची एक गोष्ट आमच्या घरात हळू आवाजात सांगतात. ती इथे सांगायला हवी, कारण पुढे ती परत येणार आहे. दोन भूमिगत माणसं आमच्या माळावरच्या ओढ्याच्या कपारीत आठ दिवस होती. आय भाकरी द्यायची, आप्पा पोचवायचे. एक दिवस फौजदार आला. चार शिपाई बरोबर. "चल, माळ दाखव," म्हणून त्याने आप्पांना पुढे घातलं. त्या कपारीवर अगदी कडेने पायवाट जाते. आप्पा कळपासकट त्या वाटेने सरळ गेले. फौजदार वर उभा राहून पाणी प्याला आणि माणसं खाली, हाताच्या अंतरावर होती म्हणतात. आप्पांनी मेंढरांना शिव्या घातल्या, कुत्र्याला दगड मारला, फौजदाराला पावसाचं विचारलं. कुठेही वळले नाहीत.

मी मॅट्रिक झालो आणि सांगलीला आलो. पहिले चार महिने मी तोंड उघडलं नाही. उघडलं की वर्गात हसू पिकायचं. एकदा जीवशास्त्राच्या सरांनी पक्ष्यांचं काही शिकवताना माळावरच्या पाखरांची नावं विचारली. कुणालाच येईनात. मी उभा राहिलो, आणि कशी कोण जाणे, घरची नावं तोंडातून गेली. पखुर्डी. धाविक. हूम. मागच्या बाकावर कुणीतरी हूम म्हणून घुमलं. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि ती तीनही नावं फळ्यावर लिहिली. समोर लॅटिन नावं लिहिली. मग म्हणाले, "हा मुलगा जे सांगतोय ते तुमच्या पुस्तकात नाही. वहीत उतरवून घ्या."

चाळीस मुलांनी आप्पांचा शब्द वहीत उतरवून घेतला. आज सरांचा राग आला तरी तो फळा मला पुसता येत नाही.

त्यानंतर मी सरांच्या प्रयोगशाळेत जायला लागलो. त्यांनी मला दुर्बीण धरायला शिकवली. पुस्तकं दिली, इंग्रजी शब्दांखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहून दिली. कोपऱ्यात एक लाकडी कपाट होतं. त्यात उथळ खण, खणांत कापूस आणि कापसावर अंडी. निळसर, ठिपक्यांची, तपकिरी. प्रत्येकाजवळ छोटं कार्ड. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "जुना संग्रह आहे." मला वाटलं, कुठल्यातरी गेलेल्या साहेबाचा असणार. मी आणखी काही विचारलं नाही. न विचारण्याची आम्हाला सवयच.

गणपतीच्या सुट्टीत सर आमच्या गावी येतो म्हणाले. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, आनंदाने आणि लाजेने. आमच्या घरी खुर्ची नव्हती. पण सर आले ते घोंगडीवर मांडी घालून बसले, आयने केलेलं हुलग्याचं माडगं त्यांनी दोनदा मागून घेतलं. माझा चुलता, तात्या, पलटणीतून लढाई संपल्यावर नुकताच परतला होता. त्याने दुर्बीण डोळ्याला लावून सगळीकडे फिरवली आणि म्हणाला, "आमच्या कप्तानसाबाची ह्याच्याहून मोठी हुती. पर त्यातनं दिसायचं काय, तर धूर. हितं निदान म्हस दिसती." सर मोठ्याने हसले. आप्पासुद्धा हसले. त्या संध्याकाळी आमच्या घरात माझ्या दोन्ही दुनिया एका घोंगडीवर बसल्या होत्या, आणि मला वाटलं होतं, झालं, आता आपलं सगळं नीट होणार.

सर हात धुवायला उठले तेव्हा आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर कशापायी आल्यात?"

"पाखरं बघाय."

"दाव की. समदी दाव. हुमाची मादी नगं दावूस. बसलीया."

"न्हाई दावत."

"कुठं बसलीया ते तुला मी सांगितलं न्हाई."

"न्हाई सांगितलं. पर माग बघितला मी काल."

आप्पांनी मान हलवली. मला बरं वाटलं. कॉलेजात जाऊनही मला माग कळतो, याचं त्यांनाही बरं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळा माळ दाखवला. उन्हात डाव्या पायावर उभा धाविक दाखवला. पाण्यावर उतरणाऱ्या पखुर्ड्या दाखवल्या. चंडोल आभाळात चढत चढत गातो आणि एकदम दगडासारखा खाली येतो, ते सर तोंड उघडं टाकून बघत होते. दुपारी बाभळीखाली बसून भाकरी खाताना त्यांनी सहज विचारलं, "बिरदेव, माळढोक इथे अंडं घालतो का रे?"

"माहीत नाही, सर," मी म्हणालो.

सरांशी मी खोटं बोललो ते पहिल्यांदाच. माझे कान तापले. मला वाटलं, ज्यांनी माझं बोलणं फळ्यावर लिहिलं त्यांच्यापासून मी काही लपवतोय. पण आप्पांना दिलेला शब्द होता. सरांनी फक्त मान हलवली आणि चटणी मागितली.

परतताना ऊन कललं होतं. मी पुढे, सर दहा-बारा पावलं मागे. वाट दोन टेपाडांच्या मधून सरळ घराकडे जाते. मी सरांना कॉलेज संपल्यावर पुढे काय शिकता येईल ते विचारत होतो आणि सर सांगत होते. मुंबईला जावं लागेल, तिथे मोठी प्रयोगशाळा आहे, माझ्यासारख्या मुलांची तिथे गरज आहे. माझ्यासारख्या. हे शब्द ऐकत मी चाललो होतो.

थोड्या वेळाने सर म्हणाले, "तिकडे काटे आहेत का रे?"

"कुठे, सर?"

"नाही, काही नाही. चल."

सकाळी सर आमच्याही आधी उठून एकटे फिरायला गेले. बूट चिखलाने भरून आले. निघताना आप्पांनी सनगराकडून विणून आणलेली नवी काळी घोंगडी त्यांच्या खांद्यावर घातली. सरांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. मी जवळ उभा होतो. मग त्यांनी आपला पत्र्याचा डबा त्या घोंगडीत चांगला गुंडाळला आणि माझ्याकडे दिला. "सांभाळ बिरदेव, यात भिंगं आहेत. हिसका बसता कामा नये."

विट्यापर्यंत तीन कोस वाट. ते गाठोडं मी डोक्यावर घेतलं. दोन ठिकाणी ओढा उतरताना मी बसून बसून उतरलो. सर म्हणाले, "थोडा वेळ मी घेतो." मी म्हणालो, "नको सर, माझी चाल एकसारखी आहे." चाल एकसारखी ठेवायला मला घरीच शिकवलेलं होतं. सर्व्हिस मोटार सुटली तेव्हा सरांनी गाठोडं मांडीवर घेतलं होतं, आणि खिडकीतून हात हलवत होते. घरी परतताना मी माळाच्या उघड्यावर मोठ्याने गाणं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आप्पा जेवायला बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हूम उठली."

आयने त्यांना कालवण वाढलं. मग आप्पाच म्हणाले, "दोन दिस तिथंच फिरतीया. बसती, उठती. खाली बघती. परत बसती."

"कोल्ह्यानं खाल्लं असंल," आय म्हणाली.

तात्या म्हणाला, "वयनी, कोल्ह्याला बूट नसत्यात."

मला पहिल्यांदा ते कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हातातला घास ताटात टाकला. "सरांवर आळ घेऊ नका. तुमाला माणसं वळखता येत न्हाईत. ज्यानं आपल्या घरात बसून माडगं खाल्लं, त्याच्यावर..."

"मी आळ घेतला न्हाई, मी माग सांगितला," तात्या म्हणाला. "सा वर्षं बुटातच काढल्यात, बूट वळखतो मी."

आप्पांनी मला विचारलं, "तू सांगितलंस?"

"न्हाई. बिरोबाची आन."

"मग झालं," आप्पा म्हणाले आणि जेवायला लागले. त्यानंतर त्या सुट्टीत हा विषय निघाला नाही. मी तात्याशी बोलणं टाकलं. आठ दिवस तो मला बघून टाचा जुळवून सलाम ठोकायचा, मी हसायचो नाही.

सांगलीला आल्यावर, दिवाळीनंतर, सरांनी मला कपाट पुसायला सांगितलं. मी एकेक खण ओढून फडक्याने कडा पुसत होतो. खालून दुसऱ्या खणात ते होतं. मी कधी अंडं जवळून बघितलेलं नव्हतं, बघायचं नसतंच, तरी ओळखलं. आमच्या मुरमाचाच रंग. एका अंगाला सुईएवढं भोक. उचललं तर वजनच नव्हतं.

शेजारी कार्ड होतं, इंग्रजीत टाइप केलेलं. लॅटिन नाव. तारीख. संख्या: एक. मग जागा: गावाचं नाव, गावापासून किती मैल, कुठल्या दिशेला, दोन टेपाडं, ओढ्याचं डावं अंग. कुणी परका माणूस डोळे मिटून जाऊन पोचेल, इतकं नीट. आणि शेवटच्या ओळीत: स्थळ शोधण्यास साहाय्य, बिरदेव मायाप्पा, विद्यार्थी.

माझं नाव टाइपाच्या अक्षरांत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरातल्या कुणाचंच कधी उमटलं नव्हतं. ते मी तीन-चार वेळा वाचलं, आणि लाज वाटते सांगायला, पहिल्या वेळी क्षणभर बरं वाटलं.

सर आले. मी खण तसाच उघडा धरून उभा होतो. "सर, मी सांगितलं नव्हतं."

"नाहीच सांगितलंस," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा, समजावून सांगणारा. "तू काहीच बोलला नाहीस. तू वळलास. सरळ वाट सोडून चाळीस पावलं बाजूने गेलास आणि बोलता बोलता एकदाही तिकडे मान वळवली नाहीस. काटे नाहीत, पाणी नाही, मग का? निरीक्षण म्हणतात ते याला, बिरदेव. हे तुलाही शिकायचं आहे."

"सर, ती एकच घालते."

"ठाऊक आहे. म्हणून तर. अजून वीस-पंचवीस वर्षांनी हा पक्षी राहील की नाही, कोण सांगणार? निदान एवढं राहील. आणि त्याच्याजवळ तुझं नाव राहील."

ते हे मनापासून बोलत होते. त्यांच्या तोंडावर अपराध नव्हता, आणि तेच मला सोसवेना. ते खोटं बोलले असते तर मी चोराशी भांडल्यासारखा भांडलो असतो. मी खण आत ढकलला आणि फडकं धुवायला गेलो. नळाखाली हात धरले तेव्हा मला ते गाठोडं आठवलं. कापूस, पत्र्याचा डबा आणि त्याच्यावर आप्पांची जाड लोकरीची घोंगडी. भोक सरांनी सांगलीत येऊन पाडलं असणार. म्हणजे माझ्या डोक्यावर ते तीन कोस उबदार होतं. ओढा उतरताना मी इतक्या जपून बसलो होतो.

आप्पा तेव्हा कळप घेऊन घाटाखाली होते. सांगायला मला जेठ यावा लागला. ते सहा महिने कसे गेले ते लिहीत नाही. पुढच्या वर्षी मी जीवशास्त्र सोडलं, इतिहास घेतला. सरांनी कारण विचारलं. "झेपत नाही, सर," मी म्हणालो. ते माझं त्यांच्याशी दुसरं खोटं. त्यांना वाईट वाटलं. प्रयोगशाळेत त्यांच्या खुर्चीवर ती काळी घोंगडी अजून असते, दारावरून जाताना दिसते.

कळप परत आला, कातरणी सुरू झाली. आप्पा ओट्यावर मेंढी आडवी घालून लोकर कापत होते. मी पाय धरून बसलो होतो.

"आप्पा, अंडं सरांनीच नेलं."

"ठावं हाय."

"कवा कळलं?"

"तवाच. बुटाचा माग म्याबी बघितला हुता. तू आन घेतलीस म्हणून गप बसलो."

"मी बोललो न्हाई, आप्पा. त्येंच्यासंगं चालताना मी वळलो. त्येंनी वळण बघितलं."

कातर थांबली. मग परत चालू झाली. मेंढीच्या एका अंगाची लोकर पूर्ण निघाली तेव्हा आप्पा म्हणाले, "फौजदारासंगं मी वळलो नव्हतो."

"व्हय."

"कपारीवरनं सरळ गेलतो."

"ठावं हाय, आप्पा."

"मग तू का वळलास?"

मी मेंढीचे पाय घट्ट धरले. "मला वाटलं, सर आपलंच हायती."

आप्पांनी मेंढी पालथी केली, दुसरं अंग कापलं. तिला सोडलं तेव्हा ती अंग झाडून, हलकी होऊन, कळपात पळाली. आप्पा कातर पुसत तसेच बसून राहिले. मला ते रागावायला हवे होते. रागावले असते तर कुठेतरी संपलं असतं.

मी त्याचा खूप विचार केला आहे. अभ्यासाला बसतो तेव्हाही करतो. माणूस परक्याबरोबर चालताना सावध असतो, त्याचे पायही सावध असतात. आपल्या माणसाबरोबर पाय मोकळे सुटतात आणि त्यांना जे शिकवलेलं असतं तेच ते करतात. मी सरांपासून तोंडाने लपवलं आणि पायांनी त्यांना घरातलं मानलं. यात चूक कुठल्या अवयवाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात, शाळेवर स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्याच पंधरवड्यात, दोन माणसं मोटार घेऊन आमच्या गावात आली. बंदुका होत्या. कार्ड कुणी कुणाला दाखवलं, मला माहीत नाही. त्यांनी चावडीवर गावाचं नाव खात्री करून घेतलं, दोन टेपाडं कुठली विचारलं, आणि बिरदेव मायाप्पा कुठे राहतो असंही विचारलं. आप्पांनी त्यांना पार उलट्या अंगाच्या माळावर नेऊन उन्हात हिंडवलं. मला हे तात्याने सांगितलं. "तुझं नाव लय लांब गेलं की रं," तो म्हणाला. चेष्टाच केली त्याने, पण माझ्याकडे न बघता.

आणि हे या वर्षीचं. सुट्टीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांबरोबर कळपामागे निघालो. ऊन नुकतं वर आलं होतं, गवतावर दव होतं, लांबून तो घागरीतला हुंकार ऐकू येत होता. ओढा ओलांडून थोडं पुढे गेल्यावर आप्पांनी जीभ वाजवली आणि कळप वळला. माझेही पाय वळले. मला भरून आलं. वाटलं, आप्पांनी मला परत घेतलं.

अर्धा मैल गेल्यावर आप्पांनी परत जीभ वाजवली. कळप परत वळला. मी चमकलो. एका माळावर जवळ जवळ दोन माद्या बसत नाहीत. मग टेपाडाच्या उतारावर तिसऱ्यांदा. मग बोरीच्या झुडपापलीकडे चौथ्यांदा. चारही ठिकाणी तेवढीच चाळीस पावलं, तीच चाल. मागून येणाऱ्यांचे मागही चारही ठिकाणी वळलेले दिसत होते. म्हणजे सगळ्या माळाने हे ठरवलं होतं, अर्थात न बोलता. चारांतलं खरं कुठलं, का एकही नाही, हे कुणाला ठाऊक होतं कोण जाणे. मला कुणी सांगणार नव्हतं. रीत माझ्यामुळे बदलली होती आणि माझ्यासमोरच पाळली जात होती.

आप्पा मला फौजदारासारखं सरळ घेऊन गेले नाहीत. पण आपल्या माणसासारखं एकदाच वळवलंही नाही.

माझ्या मनात तेव्हा जे आलं तेही लिहितो. मला वाटलं, मी शोधू शकतो. सरांनी शिकवलंय मला. मागावर डोळे ठेवायची गरज नव्हती. आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिलो असतो तर पुरे होतं. तीन खोट्या ठिकाणी त्यांची नजर इकडेतिकडे सहज फिरली असती आणि एकाच ठिकाणी ती कळपावर खिळून राहिली असती. घरी परततानाची वाट तीच होती. चारही वळसे परत लागणार होते.

परत फिरलो तेव्हा आप्पा माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळून चालत होते. मधे एकदा त्यांना खोकला आला, एकदा त्यांनी कुत्र्याला हाक मारली. बोरीपासून ओढ्यापर्यंत मी मान वर केली नाही. पुढच्या मेंढीचे मागचे खूर बघत चाललो.